मेरिमॅक नदी, उन्हाळी भरती आणि पट्टेरी बास

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यूबरीपोर्ट नावाचे जुने बंदर आहे. न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांतून आलेली मेरिमॅक नदी तेथे अटलांटिकला मिळते. भरतीचे पाणी मुखापासून सुमारे 35 किलोमीटर आत, हॅवरहिल शहरापर्यंत जाणवते आणि मुखाशी भरती-ओहोटीतील फरक अडीच मीटरच्या आसपास असतो. मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत या पट्ट्यात स्ट्राइप्ड बास हा मासा वावरतो. चंदेरी अंगावर सात-आठ काळपट आडव्या रेघा असलेल्या या माशाला तेथील लोक ‘स्ट्रायपर’ म्हणतात. कयाक नावाच्या लहानशा, वल्ह्याने चालवायच्या होडीत बसून त्याला गळाने पकडणे हा तेथील हजारो लोकांचा उन्हाळी छंद आहे. मासा केव्हा आणि कोठे सापडेल हे ज्या पाण्यावर ठरते, त्याच पाण्यावर गळातून सोडलेला मासा जगेल की नाही हेही ठरते. उन्हाळ्यातल्या मासेमारीत या दुसऱ्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे मला वाटते.

स्ट्राइप्ड बास वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात शिरतो. आपल्या कोकणातल्या खाड्यांमधील जिताड्याचा क्रम याच्या उलट असतो. तो खाडीत आणि नदीत वाढतो आणि अंडी घालण्यासाठी खाऱ्या पाण्याकडे उतरतो. स्ट्राइप्ड बासची अटलांटिक किनाऱ्यावरील बहुतांश पैदास दक्षिणेकडच्या चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये होते. हडसन आणि डेलावेअर या नद्यांचाही त्यात वाटा आहे. अंडी पाण्यात अर्धवट तरंगतात. वाहत्या पाण्याने त्यांना दोन दिवस उचलून धरले तरच ती उबतात, तळाला बसली तर गुदमरतात. वसंतात अंडी घालून झाली की मोठे मासे किनाऱ्याने उत्तरेकडे निघतात आणि त्यांच्यातले काही उन्हाळा काढण्यासाठी मेरिमॅकसारख्या नदीमुखांत शिरतात. मेरिमॅकच्या दक्षिणेला लागून असलेल्या प्लम आयलंडच्या खाजणात माशांच्या पोटात ध्वनिसंकेत देणारे टॅग बसवून अभ्यास झाला, तेव्हा त्यातले कित्येक मासे संपूर्ण उन्हाळा त्याच परिसरात राहिले आणि काही पुढच्या वर्षी तेथेच परतले, असे दिसून आले.

नदीमुखातील पाण्याची रचना समजून घेतल्याशिवाय या माशाचे वागणे समजत नाही. समुद्राचे खारे पाणी जड असते, त्यामुळे भरतीच्या वेळी ते नदीच्या गोड्या पाण्याखालून पाचरीसारखे आत घुसते. वर कोमट गोडे पाणी, खाली थंड खारे पाणी, असे दोन थर काही अंतरापर्यंत टिकतात. किनाऱ्यावरची पाणी मोजण्याची पट्टी सर्वांत खालची पातळी दाखवू लागली तरी नदीच्या मध्यावरचा प्रवाह लगेच उलटत नाही. वरून येणारे नदीचे पाणी ओहोटीला जोर देते आणि भरतीशी झगडते, म्हणून प्रवाह फिरण्याची वेळ आणि पाण्याची पातळी फिरण्याची वेळ यांत अंतर पडते. हे अंतर ठिकाणागणिक वेगळे असते, आणि नदीत रोज उतरणारे लोक ते तोंडपाठ ठेवतात.

ओहोटी लागली की खाजणातील गवताळ चरांतून पाणी मुख्य पात्रात ओतू लागते आणि त्यासोबत बारीक मासे, कोळंबी, लहान खेकडे बाहेर ओढले जातात. जिथे असा चर पात्राला मिळतो किंवा जिथे वाळूच्या दांड्यावरून पाणी एकदम खोलात उतरते, तिथे वेगवान आणि संथ पाण्याची सीमारेषा पृष्ठभागावरही दिसते. एका बाजूला सुरकुत्या, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत पाणी आणि मधोमध फेसाची बारीक ओळ. स्ट्राइप्ड बास संथ बाजूला तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. त्यामुळे त्याची ताकद वाचते आणि वेगवान पाण्यात भेलकांडणारे भक्ष्य त्याच्यासमोर आपसूक येते. दोन्ही बाजूंना अंगभर गेलेल्या पार्श्वरेषेने त्याला पाण्यातील सूक्ष्म हालचाल कळते आणि मंद प्रकाशात त्याचे डोळे भक्ष्याच्या डोळ्यांपेक्षा चांगले काम करतात. म्हणूनच पहाट, संध्याकाळ आणि रात्र या त्याच्या शिकारीच्या वेळा आहेत.

कयाकला जेमतेम वीतभर पाणी पुरते आणि तिला इंजिनाचा आवाज नसतो, म्हणून ती उथळ दांड्यांवरून माशाला फारसे न बिचकवता जाऊ शकते. मात्र ती प्रवाहासोबत वाहत असताना दोरी, आमिष आणि होडी ही तिन्ही एकाच वेगाने सरकतात, आणि आमिष पाण्याच्या तुलनेत जवळजवळ स्थिर राहते. होडी दूर ठेवून फक्त आमिष माशासमोर वाहून यायला हवे असेल, तर होडी संथ पाण्यात रोखून आमिष वरच्या बाजूला फेकावे लागते. वेगवान प्रवाहात नांगर कयाकच्या मध्यभागी बांधणे धोक्याचे आहे, कारण होडी प्रवाहाला आडवी होते आणि क्षणात उलटते. तो टोकाशीच बांधावा आणि एका झटक्यात सोडता यावा. मेरिमॅकच्या मुखाशी ओहोटीचा लोंढा समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला भिडला की वाळूच्या दांड्यावर उभ्या, फुटणाऱ्या लाटा तयार होतात. त्या वेळी तेथे कयाक नेऊच नये, आणि जीवनरक्षक जाकीट तर नदीत कोठेही अंगातून काढू नये.

आता तापमानाकडे वळू. 10 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात प्रति लिटर सुमारे 11.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, 25 अंशांना तो सुमारे 8.3 मिलिग्रॅमवर येतो. पाणी तापले की माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने झटके देतो तेव्हा त्याचे पांढरे स्नायू ऑक्सिजनशिवाय ऊर्जा निर्माण करतात, त्यातून उरणारे लॅक्टेट हे रसायन साचते आणि रक्त आम्लधर्मी होते. थंड पाण्यात काही तासांत तो यातून सावरतो. कोमट पाण्यात सावरण्यासाठी लागणारा ऑक्सिजनच अपुरा पडतो, आणि पोहत निघून गेलेला मासा नंतर, कोणाच्याही नजरेआड मरू शकतो. मोठे मासे लहानांपेक्षा उष्णता कमी सोसतात, त्यामुळे अंडी देणाऱ्या थोराड माद्यांना हा धोका अधिक असतो. शिवाय खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात सोडलेले मासे अधिक प्रमाणात दगावतात, असेही आढळले आहे.

मेरिमॅकमध्ये याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. ऑगस्टच्या दुपारी हॅवरहिलकडचे गोडे पाणी 25 अंशांच्या पुढे जाते, तर मुखाशी भरतीसोबत आत येणारे समुद्राचे पाणी पुष्कळ थंड असते. तोच मासा, तोच गळ आणि तीच झुंज असली तरी या दोन ठिकाणी त्याच्या जगण्याची शक्यता सारखी नसते. म्हणून ऐन उन्हाळ्यात नदीच्या खालच्या भागात, पहाटेच्या भरतीत मासेमारी करावी. तशी वेळ कधी येते हे तिथीवरूनही सांगता येते: या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरतीचा कळस दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येतो, अष्टमीला तो सकाळी सहाच्या आसपास असतो, आणि पुढे रोज साधारण 50 मिनिटे उशिरा येतो. त्यामुळे अष्टमीपासून अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ येईपर्यंतच्या दिवसांत उजाडताना भरती चढत असते.

झुंज जितकी लांबते तितका मासा थकतो. हलकी कयाक माशामागे ओढली जाते, ताण सैल पडतो आणि झुंज लांबत जाते. म्हणून बारीक दोरीची हौस उन्हाळ्यात टाळलेली बरी. कयाकची खरी जमेची बाजू शेवटी कामी येते. बसणारा पाण्याच्या इतका जवळ असतो की मासा बाहेर काढावाच लागत नाही. ओल्या हाताचा अंगठा माशाच्या खालच्या जबड्यात घालावा (त्याचे दात पॉलिश पेपरसारखे खरखरीत असतात, चावण्याची भीती नाही), जबड्याच्या कोपऱ्यात अडकलेला गळ चिमट्याने फिरवून काढावा आणि माशाचे तोंड प्रवाहाकडे धरून ठेवावे. पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांवरून जाऊ लागते, कल्ल्यांची झाकणे नेमाने उघडमीट करतात, आणि थोड्या वेळाने मासा अंगठ्यावर जबडा घट्ट आवळून शेपटीचा फटका मारतो. तेव्हा हात सैल करायचा. हवेत धरल्यावर कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्या एकमेकांना चिकटतात आणि श्वासच बंद पडतो, म्हणून फोटोसाठी मासा उचलून धरण्याची पद्धत मला पटत नाही.

1970 च्या दशकाच्या अखेरीस या माशाची संख्या कोसळली होती. 1984 मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याच्या संरक्षणासाठी कायदा केला, चेसापीकच्या काठावरील मेरीलँड राज्याने 1985 ते 1990 पूर्ण बंदी पाळली आणि 1995 मध्ये साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. 2019 मध्ये तो पुन्हा अतिमासेमारीने घटल्याचे ठरले आणि त्याच वर्षापासून चेसापीकच्या मेरीलँडमधील भागात दरवर्षी जन्मणाऱ्या पिल्लांची संख्या सातत्याने सरासरीपेक्षा कमी आढळत आहे. 2021 पासून जिवंत किंवा कापलेले आमिष वापरताना वर्तुळाकार गळ सक्तीचा आहे, कारण तो घशात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. 2023 मध्ये समुद्रकिनाऱ्यावरील हौशी मासेमारांना फक्त 28 ते 31 इंचांचा मासा ठेवण्याची मुभा राहिली, म्हणजे पकडलेले बहुतेक मासे सोडावेच लागतात. सोडलेल्या माशांपैकी सरासरी 9 टक्के मरतात असे मासेमारीचे नियम ठरवणारे व्यवस्थापक धरतात. पण ही वर्षभराची सरासरी आहे आणि तापलेल्या पाण्यातले प्रमाण त्याहून जास्त असते. मेरीलँडने 2021 मध्ये जुलैच्या उत्तरार्धात या माशाची मासेमारी बंद ठेवण्याचा नियम केला आणि इतर दिवसांसाठी हवेच्या तापमानावर आधारित हिरवा, पिवळा व लाल इशारा देण्याची पद्धत ठेवली. लाल इशाऱ्याच्या दिवशी सकाळी दहानंतर मासेमारी टाळण्यास सांगितले जाते. मेरिमॅकवर हवेपेक्षा पाण्याचे तापमान पाहणे अधिक योग्य ठरेल, कारण तेथे एकाच दुपारी मुखाशी आणि हॅवरहिलला दोन वेगळे ऋतू असतात. त्यासाठी कयाकच्या कडेला दोरीने बांधलेला साधा तापमापक पुरतो.