फाळके, धुंडिराज गोविंद : ट्रिक फोटोग्राफी व स्टॉप-मोशन

(३० एप्रिल १८७०–१६ फेब्रुवारी १९४४). दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वर येथे; मृत्यू नाशिकला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथील शिक्षण, छायाचित्रण, छपाई आणि ‘प्रो. केल्फा’ या नावाने (आडनावाचीच अक्षरे उलटी फिरवून) केलेले जादूचे प्रयोग ही त्यांच्या चित्रचमत्कारांची पूर्वपीठिका होय.

१९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चित्रित केली. रोज एक चौकट (फिल्मवरील एक स्थिर चित्र) याप्रमाणे महिनाभरात मिनिटाभराचा पट झाला, असे बहुतेक चरित्रांत येते. हा हिशेब जुळत नाही. मूकपटाचा वेग सेकंदाला सुमारे १६ चौकटी. तीस दिवसांच्या तीस चौकटी दोन सेकंदांत संपतात. मिनिटाला सु. ९६० चौकटी, म्हणजे ६० फूट फिल्म लागते. महिन्यावर वाटल्यास दिवसाला ३२. तेव्हा ठरावीक अंतराने दिवसातून अनेकदा चित्रण झाले असावे, हे अधिक ग्राह्य वाटते. त्या काळच्या कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्याला सामान्यतः आठ चौकटी सरकत. एकेक चौकट घेताना अष्टमांश फेरा अंदाजाने दिला, तर झडप (शटर) अर्धवट उघडी राहून जादा उजेडाने चौकट खराब होते. खिडकीचा उजेड बदलला की चित्र लुकलुकते आणि कोंब उजेडाकडे झुकून चौकटीबाहेर जाऊ लागतो. कुंडी फिरवावी, तर रोप उडी मारल्यासारखे दिसते.

वाटाणा आपणहून वाढतो, त्याला कोणी हलवत नाही. म्हणून हा पट काटेकोर अर्थाने स्टॉप-मोशन (निर्जीव वस्तू हाताने थोडी थोडी हलवून एकेक चौकट टिपण्याची रीत) नव्हे. तो मान ‘आगकाड्यांची मौज’ (सु. १९१५) या लघुपटाकडे जातो. त्याची प्रत आज उपलब्ध नाही. अशा कामात काड्या दर खेपेस दोन-तीन मिलिमीटर सरकवून प्रत्येक स्थितीच्या दोन चौकटी घेतल्या, तर मिनिटाला ४८० हालचाली भरतात. मध्येच टेबलाला धक्का लागला की सगळा क्रम पहिल्यापासून. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग काळा दिसे, त्यामुळे तांबड्या गुलाची काडी पांढऱ्या कागदावर ठळक उठते.

‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) मध्ये कंसाचे शिर धडावेगळे होऊन वर जाते व परत येऊन बसते. असे दृश्य काळ्या पार्श्वभूमीवर, फिल्म मागे गुंडाळून तिच्यावरच दुबार चित्रण केल्याने साधता येते. फिल्म पुढे सरकवणाऱ्या कडेच्या छिद्रांत किंचितही खेळ असला, तर शिर मानेवर थरथरते. ‘लक्ष्मीचा गालिचा’ हा लघुपटही चित्रचमत्कारांच्याच वर्गातला.