‘कपात’ की ‘काम सोडलं’?

ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, मासिक वर्गणीच्या तक्त्यात एक छोटा रकाना आहे. महिन्यात कामगाराचे दिवस शून्य भरले, तर कारण आकड्यात टाकायचं. 2 म्हणजे नोकरी सोडली, 9 म्हणजे संप किंवा टाळेबंदी, 10 म्हणजे कामगार कपात, मालकाने कामावरून कमी करणं. आकडा टाकतो मालकाचा माणूस. असा रकाना असतो हेच बहुतेक कामगारांना ठाऊक नसतं.

1948 च्या विमा कायद्यात आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात असं सगळं होतं, बेकारी नव्हती. ती जबाबदारी औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली झालेल्या दुरुस्तीने मालकावर टाकली: ले-ऑफमध्ये (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं तर) निम्मा पगार, कपात केली तर दर वर्षाच्या नोकरीमागे 15 दिवसांचा पगार.

गोंधळ सुरू होतो तो ‘कपात’ या शब्दापासून. व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती पहिल्यापासूनच वगळलेली. 1984 मध्ये त्यात आणखी एक पोटकलम आलं: कराराची मुदत संपली आणि करार पुढे वाढवला नाही, तर तीही कपात नव्हे. एका ओळीची दुरुस्ती, पण चाकणपासून बुटीबोरीपर्यंतच्या कंत्राटी कामगाराचं भवितव्य तिने ठरवलं. त्यात 240 दिवस भरण्याआधी ‘ब्रेक’ द्यायची रीत, कारण तेवढे दिवस भरले की कपातीच्या भरपाईचा हक्क लागू होतो. आणि जो कायम आहे त्याला केबिनमध्ये बोलावून, ‘राजीनामा लिहून दे, हिशोब आठवड्यात करतो. नाही दिलास तर बस कोर्टात.’ तो लिहून देतो. कागदावर तो स्वखुशीने गेलेला असतो. मुंबईच्या गिरण्यांमध्ये 1982 च्या संपानंतर किती व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना) खऱ्या अर्थाने ऐच्छिक होत्या, हे लालबाग-परळमध्ये कुणालाही विचारा.

त्यामुळे 2005 मध्ये विम्यातून बेकारभत्ता सुरू झाला तेव्हा दार अगोदरच अरुंद झालेलं होतं. कारखाना बंद पडलेला हवा, कायद्याने कपात झालेली हवी किंवा 40 टक्के कायमचं अपंगत्व हवं; शिवाय 5 वर्षांची वर्गणी. ही अट पुढे 2 वर्षांवर आली, पण ‘कपात’ तशीच राहिली.

ईएसआयची 2018 ची बेकारभत्त्याची ‘अटल’ योजना या शब्दाला बगल देते, हे तिचं खरं श्रेय. कपातीचा पुरावा नको. मात्र गैरवर्तनाबद्दल काढलेला, स्वेच्छानिवृत्त आणि टाळेबंदीतला किंवा बेकायदा ठरलेल्या संपातला बाहेरच. भत्ता सुरुवातीला सरासरी मजुरीच्या 25 टक्के, आयुष्यभरात मिळून 90 दिवस, आणि अर्ज बेकारीचे 90 दिवस उलटल्यावर, तोही जुन्या मालकामार्फत. ‘जास्त दिलं तर घरी बसून खातील’ ही भीती या प्रत्येक अटीत दिसते. 18,000 पगारवाल्याला महिन्याला 4,500 रुपये. त्यासाठी तीन महिने कोण थांबेल? तोवर माणूस सिक्युरिटीच्या बारातासी ड्युटीवर लागलेला असतो. त्याच 2018 च्या डिसेंबरात पीएफचा नियम बदलला आणि एक महिना बेकार राहिलं की 75 टक्के रक्कम उचलता येऊ लागली. म्हणजे भत्त्याला थांबा आणि म्हातारपणाची पुंजी मात्र ताबडतोब मोडा. यात कामावर परतायची प्रेरणा नेमकी कुठे आहे, मला तरी दिसत नाही.

टाळेबंदी आली (कोरोनाची, मालकाची नव्हे) आणि हे ताठर नियम महिन्याभरात नव्हे, पण काही महिन्यांत वाकले. 24 मार्च 2020 पासूनच्या बेकारीला भत्ता 50 टक्के, थांबायचं 90 ऐवजी 30 दिवस आणि अर्ज थेट ईएसआयच्या शाखेत. सवलत तात्पुरती होती. पुढे मुदतवाढ मिळत गेली.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत नव्याने कौशल्य शिकण्यासाठी एक निधी आहे. काढलेल्या कामगाराच्या खात्यात 15 दिवसांचा पगार 45 दिवसांच्या आत जमा व्हायचा. अट एकच, त्याची कपात झालेली हवी. आणि ठरावीक मुदतीची नोकरी मुदत भरून संपली, तर संहितेच्या व्याख्येनुसार ती कपात नव्हे.