कॉकस आणि कामकरी मतदार

कॉकस : अमेरिकेतील राजकीय पक्ष आपला उमेदवार ठरवताना भरवतात ती पहिली, वस्तीपातळीवरची सभा. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी तिथे दोन वाटा आहेत. प्रायमरी ही रीतसर निवडणूक असते. मतदार दिवसभरात सोयीने केंद्रावर जातो, मत टाकतो आणि आपल्या कामाला लागतो. कॉकसला मात्र ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी सभेत जातीने हजर राहावे लागते आणि बहुतेक ठिकाणी मोजणी उरकेपर्यंत थांबावेही लागते. त्यामुळे त्या वेळी ज्यांची पाळी असते ते आपोआप बाहेर राहतात: रातपाळीच्या नर्स, हॉटेलातले वाढपी, ट्रकचालक, मांसप्रक्रिया कारखान्यातले मजूर, लहान मूल घरी एकटे टाकता न येणारी आई. त्यांना कोणी मज्जाव करत नाही. घड्याळच आडवे येते. ही तक्रार जुनी आहे आणि या पद्धतीला उतरती कळा लागण्यामागे तिचा मोठा वाटा आहे.

मराठी वाचकाला हा शब्द वेगळ्या वाटेने माहीत असण्याची शक्यता आहे. आणीबाणीच्या संदर्भात संजय गांधींभोवतीच्या कोंडाळ्याला आपल्याकडे ‘कॉकस’ म्हटले गेले. हा अर्थ मूळ अर्थापासून फार लांबचा नाही. शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नसले तरी जॉन ॲडम्स यांच्या 1763 च्या रोजनिशीत बॉस्टनमधल्या ‘कॉकस क्लब’ची नोंद सापडते. एका घराच्या माळ्यावर मंडळी जमतात, तंबाखूच्या धुराने माळ्याचे एक टोक दुसऱ्या टोकावरून दिसेनासे होते आणि गावचे अधिकारी कोण व्हायचे ते गावाने निवडण्याआधीच तिथे ठरून जाते, असा तिचा आशय.

इतिहास : 1800 ते 1824 या काळात अध्यक्षपदाचे उमेदवार ठरवणारा कॉकस म्हणजे संसदेतल्या पक्षसदस्यांची बैठक. लोक तिला चिडून ‘किंग कॉकस’ म्हणत. 1824 मध्ये विल्यम क्रॉफर्ड यांचे नाव ठरवणाऱ्या बैठकीला अवघे 66 सदस्य आले आणि त्या शिक्क्याचा क्रॉफर्ड यांना काडीचा उपयोग झाला नाही. पुढे पक्षांची अधिवेशने आली, पण तिथेही सूत्रे पुढाऱ्यांच्याच हाती राहिली. 1968 मध्ये ह्यूबर्ट हंफ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात आणि बाहेरच्या रस्त्यांवर जे रणकंदन झाले त्यानंतर पक्षाने मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला. निवड खुली करा, आगाऊ जाहीर करा, असे त्या आयोगाचे नियम होते. आजचा कॉकस या सुधारणेतून घडला, हे विसरून चालणार नाही: बंद खोलीचे दार उघडण्यासाठी ज्या सभा खुल्या केल्या, त्यांच्याच दाराशी पुढे पाळीवाला कामगार अडला.

आयोवा राज्यात वस्ती, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), संसदीय मतदारसंघ, राज्य अशा चार पायऱ्यांनी, पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवाराला मत देणारे प्रतिनिधी निवडले जात. या पायऱ्यांना वेळ लागतो म्हणून 1972 मध्ये पहिली सभा जानेवारीत घ्यावी लागली आणि आयोवा देशात पहिले आले. 1976 मध्ये ‘अद्याप कोणीच नाही’ या गटाच्या मागे राहूनही जिमी कार्टर बाकीच्या उमेदवारांत पुढे राहिले, एकदम प्रकाशात आले आणि पुढे अध्यक्ष झाले. तेव्हापासून दर चार वर्षांनी उमेदवार आणि पत्रकार बर्फ तुडवत आयोवाला जाऊ लागले.

सभेची रात्र : आयोवातल्या सुमारे 1,700 वस्त्यांमध्ये शाळेची व्यायामशाळा, चर्चचे तळघर, वाचनालय अशा जागी, कामाच्या दिवशी, संध्याकाळी 7 वाजता सभा भरे. सातला रांगेत असलेल्यांना आत घेतले जाई. त्यानंतर येणाऱ्याला दार बंद. डेमोक्रॅटिक सभेत गुप्त मतदान नसे. ज्याला जो उमेदवार पसंत, त्याने त्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. मग डोकी मोजायची. बहुतेक वस्त्यांमध्ये हजर लोकांच्या 15 टक्के माणसे ज्या कोपऱ्यात नसतील तो गट बाद होई. त्यातल्या लोकांनी दुसरीकडे जायचे, नाहीतर घरी. मग शेजारीपाजारी त्यांना ओढायला येत, आपल्या उमेदवाराची बाजू पटवून देत. पुन्हा मोजणी होई. हे सगळे उरकायला दीड-दोन तास सहज जात. रिपब्लिकन सभेत भाषणे झाली की चिठ्ठीवर नाव लिहून देतात. ती रीत सुटसुटीत, पण सातचा ठोका तिथेही तोच.

आता हाच वेळापत्रकाचा कागद दुसऱ्या पाळीच्या माणसापुढे ठेवून पाहावा. दुपारी तीनला कामावर चढून रात्री अकराला उतरणाऱ्याला सातची सभा म्हणजे खाडा. खाड्याची मजुरी जाते आणि मुकादमाची नाराजी पदरी पडते. त्यात आपण कोणत्या कोपऱ्यात उभे आहोत हे अख्ख्या वस्तीला दिसते. त्या वस्तीत मालकही आला, घरमालकही आला. मत गुप्त असावे हा आग्रह धरणाऱ्या लोकशाहीत ही गोष्ट इतकी वर्षे खपली कशी, याचे नवल वाटते.

किती जण येतात? 2008 मध्ये आयोवात डेमोक्रॅटिक सभांना सुमारे 2 लाख 40 हजार लोक आले, तो उच्चांक मानला जातो. 2020 मध्ये तो आकडा सुमारे 1 लाख 76 हजारांवर उतरला. 2016 मध्ये दोन्ही पक्ष मिळून आयोवातल्या पात्र मतदारांपैकी जेमतेम 16 टक्के सभांना गेले, तर आठ दिवसांनी प्रायमरी घेणाऱ्या न्यू हॅम्पशायरमध्ये निम्म्याहून अधिकांनी मत दिले.

लोक कमी आले तरी कौल तोच राहील, असे समर्थक म्हणत. वॉशिंग्टन राज्याने 2016 मध्ये या म्हणण्याची परीक्षा घेतली, तीही नकळत. 26 मार्चला, ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी, डेमोक्रॅटिक कॉकस झाला. सुमारे 2 लाख 30 हजार लोक आले आणि बर्नी सँडर्स यांना जवळजवळ 73 टक्के कौल मिळाला. राज्याच्या कायद्याने मे महिन्यात प्रायमरीही घ्यावी लागत होती, पण पक्ष तिचा निकाल मोजत नव्हता. त्या प्रायमरीत टपालाने सुमारे 8 लाख मते आली आणि हिलरी क्लिंटन जिंकल्या. प्रतिनिधी वाटले गेले ते मात्र पहिल्या निकालावर: 74 सँडर्स यांना, 27 क्लिंटन यांना. नेब्रास्कातही त्या वर्षी असेच उलटसुलट घडले. दोन महिन्यांत वारेही फिरले असेल, हे मान्य. तरी तिप्पट-चौपट मतदारांचा कौल बाजूला ठेवायला ते कारण पुरत नाही.

नेवाडातला वाद : कामकरी मतदाराचा प्रश्न सर्वांत उघडा पडला तो लास व्हेगासमध्ये. या शहराचे पोट कॅसिनोवर चालते आणि कॅसिनो शनिवारी दुपारी बंद राहत नाही. म्हणून 2008 च्या कॉकससाठी राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाने ‘स्ट्रिप’ या मुख्य रस्त्यावरच्या हॉटेलांतच नऊ खास सभा ठेवल्या. खोल्या साफ करणाऱ्या बायका, स्वयंपाकी, पत्ते वाटणारे यांनी कामाच्या कपड्यांतच यावे, मत नोंदवावे आणि परत जावे, अशी ती सोय होती. महिनोन् महिने कोणी हरकत घेतली नाही. 9 जानेवारीला कॅसिनो कामगारांच्या कलिनरी युनियनने बराक ओबामा यांना पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांत नेवाडातली शिक्षक संघटना न्यायालयात गेली: एका धंद्यातल्या लोकांनाच कामाच्या जागी सभा का, बाकीच्यांना का नाही? त्या संघटनेतल्या काही पदाधिकाऱ्यांचा कल ओबामांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्याकडे होता, आणि त्यांचे पती बिल क्लिंटन यांनीही या सभांवर जाहीर टीका केली. खुद्द हिलरी क्लिंटन मात्र त्याच शर्यतीत, कॉकसच्या वेळी कामावर असणाऱ्यांचा आणि सैन्यातल्यांचा हक्क बुडतो, अशी तक्रार करत होत्या. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. 19 जानेवारीला सभा झाल्या आणि नऊपैकी सात क्लिंटन यांनीच जिंकल्या! युनियनचा शब्द एकीकडे, सभासदांची पावले दुसरीकडे. राज्यभरातही कौल क्लिंटन यांना जास्त होता. प्रतिनिधी मात्र गणिताच्या खाचाखोचांमुळे ओबामांना 13 आणि त्यांना 12 मिळाले.

या प्रकरणातून एक गोष्ट लक्षात येते. कामगारांच्या वेळेची कळकळ बहुतेकदा हरणाऱ्या बाजूला येते, आणि कामगार आपल्याला मत देणार नाहीत असे वाटले की ती ओसरते. शिक्षक संघटनेचा कायदेशीर मुद्दा मात्र पोकळ नव्हता. कॅसिनोला सोय दिली, मग इस्पितळाला का नाही?

उपाय : मिनेसोटात कायद्यानेच तोड काढली आहे. दहा दिवस आधी मालकाला लेखी कळवले तर कॉकसला जाण्यासाठी रजा द्यावीच लागते, पण तेवढ्या वेळाचा पगार कापता येतो. म्हणजे नोकरी वाचली, मजुरी गेली. आयोवाने ‘सॅटेलाइट’ म्हणजे वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी भरणाऱ्या सभा आणल्या. 2020 मध्ये अशा 87 सभांना मंजुरी होती. त्यांपैकी काही परदेशातही, पॅरिस आणि तिबिलिसी इथे भरल्या. त्या वर्षी राज्यातली पहिली सभा ओटम्वा या गावी कामगार संघटनेच्या कार्यालयात भर दुपारी झाली, कारण तिथल्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यातल्या दुसऱ्या पाळीच्या लोकांना नंतर कामावर चढायचे होते. पंधरा माणसे आली, बहुतेक इथिओपियातून येऊन स्थायिक झालेली. चौदा सँडर्स यांच्या बाजूला उभी राहिली, एक एलिझाबेथ वॉरन यांच्या. फोनवरून मत नोंदवण्याची योजनाही होती, पण सुरक्षेच्या कारणावरून राष्ट्रीय पक्षाने ती आधीच अडवली होती. नेवाडाने 2020 मध्ये सभेआधी चार दिवस पसंतीक्रमाने मतदान ठेवले आणि सुमारे 1 लाख 5 हजारांपैकी 75 हजारांनी तोच मार्ग धरला. सोय दिल्यावर लोक सभेला किती जातात, याचे उत्तर त्या आकड्यातच आहे.

कॉकसची बाजू मांडणारेही आहेत. पैसा नसलेल्या उमेदवाराला इथे संधी मिळते, शेजारी एकमेकांशी राजकारण बोलतात, पहिली पसंती बाद झाल्यावर दुसरी मोजली जाते, खर्च सरकारऐवजी पक्ष करतो. यातले दुसऱ्या पसंतीचे म्हणणे वजनदार आहे. पण ती चिठ्ठीवरही घेता येते.

भारतातील संदर्भ : आपल्याकडे मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी देणे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम 135-ब नुसार मालकावर बंधनकारक आहे. अमेरिकेत सार्वत्रिक निवडणुकीलाही देशभर अशी सुट्टी नाही. उमेदवारनिवडीत मात्र आपला मतदार कुठेच नसतो. एबी फॉर्म कोणाला मिळतो हे तो बातम्यांत वाचतो. काँग्रेसने 2014 च्या लोकसभेला काही मोजक्या मतदारसंघांत, महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा येथे, पक्षांतर्गत निवडणूक घेऊन पाहिली. मतदार होते पक्षाचेच पदाधिकारी. दोन्ही जागा पक्ष हरला.

सद्यस्थिती : 2016 मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष 14 राज्यांत कॉकस घेत होता. त्यानंतर पक्षाच्या नव्या नियमांमुळे आणि राज्यांच्या कायद्यांमुळे कोलोरॅडो, मिनेसोटा, वॉशिंग्टन, मेन अशी राज्ये एकामागून एक प्रायमरीकडे वळली. 2020 मध्ये आयोवात निकाल कळवण्याचे ॲप कोसळले, निकाल दिवसेंदिवस लांबला आणि डेमोक्रॅटिक पक्षात आयोवाचा पहिला मानही गेला. रिपब्लिकन पक्षाने मात्र आयोवात जुनी रीत टिकवली आहे. 15 जानेवारी 2024 च्या हाडे गोठवणाऱ्या थंडीत तिथे सुमारे 1 लाख 10 हजार लोक आले, म्हणजे पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांच्या जेमतेम 15 टक्के. त्याच संध्याकाळी डेमोक्रॅटिक सभाही भरल्या, पण फक्त पक्षाच्या कामकाजासाठी. अध्यक्षपदाची पसंती टपालाने पाठवायच्या कार्डावर घेतली गेली. कोणत्याही पाळीच्या माणसाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ते भरता येत होते. निकाल 5 मार्चला लागला. त्याच दिवशी इतर डझनावर राज्यांतही मतदान होते आणि जो बायडेन यांच्यासमोर म्हणावा असा प्रतिस्पर्धी उरला नव्हता.