माठ पाझरतो, बरणी पाझरत नाही

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा रस्त्याच्या कडेला माठांच्या रांगा लागतात. त्यातल्या एकाही माठावर ग्लेझ नसतं, आणि नसावंच. भिंतीतून झिरपलेलं पाणी बाहेर येऊन वाळतं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. ग्लेझ म्हणजे मातीवर वितळवून बसवलेला काचेचा थर. तो चढला की बारीक छिद्रं बुजतात आणि माठ नुसता हंडा होतो. उपड्या मडक्यावर भाजल्या जाणाऱ्या आपल्या लांब पोळीचंही तसंच. त्या मडक्याला थेट जाळाचा मार सोसायचा असतो, तिथे काचेच्या थराला काम नाही.

त्यामुळे हल्ली प्रदर्शनांत निळ्या-हिरव्या ग्लेझचे हातघडणीचे मग आणि वाडगे पाहून कुणी म्हणालं, ‘आपल्याकडे हे कधी नव्हतंच,’ तर ते ऐकायला बरोबर वाटतं. पण ग्लेझ नव्हतं म्हणून देखणेपणाची हौस नव्हती किंवा आगीची जाण नव्हती, असं समजणं चूक आहे.

काटोल रस्त्यालगतच्या जुनापाणीला महापाषाण काळातली शेकडो शिलावर्तुळं आहेत. १९व्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे खोदकाम केलं. पुढे टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड इथेही उत्खननं झाली. या सगळ्या ठिकाणी काळी-तांबडी भांडी सापडली. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली ही भांडी आतून आणि काठाशी काळी, बाहेरून खाली तांबडी असतात. हे दोन रंग रंगवलेले नाहीत. भांडं राखेत किंवा भुशात उपडं ठेवून भाजलं, की तोंडाकडच्या भागाला हवा मिळत नाही आणि तो काळा पडतो. उघड्या भागाला हवा मिळते, तिथे मातीतलं लोह तांबडं होतं. एकाच आगीत एकाच भांड्यावर हवेचा हिशेब करून दोन रंग काढणं ही मोठी कारागिरी आहे. चीनमधल्या कुंभारांनी लोहाच्या ग्लेझमधून सेलॅडॉनचा हिरवट रंग आणि तांब्यातून लाल रंग काढला, तोही भट्टीतली हवा कोंडूनच. तत्त्व तेच. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली आहे. आग कशी वागते हे त्या काळच्या इथल्या माणसांना नीट कळत होतं. मला या विषयात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

त्यानंतरही इथल्या कुंभारांची सजावट घोटण्याची आणि कावेची राहिली. भांडं अर्धवट सुकलं की गुळगुळीत दगडाने घोटायचं, वरून काव किंवा गेरूचा पातळ हात द्यायचा. आव्यातून, म्हणजे कुंभाराच्या भट्टीतून, निघताना त्याला मंद चकाकी येते. ती काच नसते, मातीचे कण दाबून बसवल्याने आलेली असते.

ग्लेझ इथे का रुळलं नाही, याचं उत्तर आव्यात आहे. काच बनते सिलिकेपासून. पण सिलिका एकटी वितळायला १७०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून तिच्यात सोडा, पोटॅश, चुना किंवा शिसं असं काहीतरी वितळवणारं घालावं लागतं. वितळलेली काच ओघळून जाऊ नये म्हणून थोडी ॲल्युमिनाही हवी, ती मातीतून मिळते. लाकूड-गोवऱ्यांचा उघडा आवा साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंतच जातो. एवढ्या उष्णतेत चांगलं वितळणारं ग्लेझ म्हणजे शिशाचं, आणि ते विषारी. तशा भांड्यात लोणचं, ताक किंवा चिंचेचा सार ठेवला तर आंबट पदार्थात शिसं उतरतं. आजही हाताने केलेलं चकचकीत भांडं घेताना ते खाण्यासाठी आहे की नुसतं शोभेचं, हे विचारून घ्या. ही शंका काढायला लाजू नये.

बाहेरच्या जगात ही कला वेगवेगळ्या वाटांनी वाढली. सिंधू संस्कृतीत फेयन्सच्या, म्हणजे गारगोटीच्या पुडीवर काचेचा थर चढवलेल्या, बांगड्या आणि मणी होत होते, त्यांची निळसर झाक काचेचीच. चीनमध्ये सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी भट्टीतली लाकडाची राख भांड्यांवर पडून वितळली आणि राखेचं ग्लेझ सापडलं. ९व्या शतकात बसऱ्याच्या कारागिरांनी चिनी पांढऱ्या भांड्यांची बरोबरी करण्यासाठी कथिलाचं दुधी ग्लेझ केलं. भारतात पश्चिम आशियातून आलेल्या या विद्येने आधी इमारती सजवल्या. ग्वाल्हेरच्या मानमंदिरावरच्या निळ्या फरशा आजही दिसतात. जयपूरची निळी भांडी तर मातीचीही नाहीत. गारगोटीची पूड, काचेची भुकटी, थोडी मुलतानी माती आणि डिंक यांच्या लगद्यातून ती घडतात.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर १८७०च्या दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी मातीकाम सुरू केलं आणि सिंधमधली ग्लेझची रीत तिथे आणली. त्याच सुमारास तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते, आणि त्या चित्रांतली नक्षी या भांड्यांवर उतरली.

पण बहुतेक नागपूरकरांच्या घरात ग्लेझ शिरलं ते लोणच्याच्या बरणीतून. वरचा भाग तपकिरी, खालचा पिवळसर पांढरा. हे स्टोनवेअर असतं, १२०० अंशांच्या आसपास भाजलेलं, म्हणून पाझरत नाही आणि मीठ-आंबटाला दाद देत नाही. आजीची बरणी आम्ही केवळ जुनी म्हणून जपली, तिच्या ग्लेझकडे कधी पाहिलं नाही. पांढऱ्या भागाची रीत इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची. १८३५मध्ये विल्यम पॉवेल यांनी जस्त आणि फेल्डस्पार हे खनिज वापरून शिशाशिवायचं ग्लेझ तयार केलं. एकीकडून एका ग्लेझमध्ये बुडवायचं, उलटं करून दुसऱ्यात. बरणीच्या पोटावर दोन रंगांची रेघ दिसते ती या दोन बुडव्यांची.

हातघडणीच्या ग्लेझला विदर्भात वाट मिळाली ती गांधीविचारातून. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीत शिकणाऱ्या मुलांबरोबर त्यांनी मातीकाम केलं, आणि पुढे देशातल्या मोठ्या स्टुडिओ कुंभारांमध्ये त्यांचं नाव झालं. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने गावच्या कुंभाराला सुधारलेली भट्टी आणि नवं तंत्र देण्याचं काम हाती घेतलं. नागपुरात आज चाकावर बसणाऱ्या शहरी तरुणांनी ही दोन ठिकाणं एकदा तरी पाहावीत, असं मला मनापासून वाटतं.

आणि रंग? ते तर पायाखाली आहेत. मनसर, कांद्री, गुमगाव इथल्या मँगनीजच्या खाणी शंभर वर्षांहून जुन्या. मँगनीज काढणाऱ्या मॉयल या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे. मँगनीज ग्लेझमध्ये तपकिरी रंग देतं, सोडा-पोटॅश जास्त असेल तर जांभळा, आणि लोहाच्या जोडीला काळा. भाजताना त्याचा धूर मात्र अंगावर घेऊ नये, भट्टी मोकळ्या हवेत हवी. पश्चिमेकडचा काळा बेसॉल्ट दगड बारीक दळला तर स्टोनवेअरच्या उष्णतेत स्वतःच वितळून गडद तपकिरी होतो. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या तुसाची राख जवळपास सगळी सिलिकाच, जपानी कुंभार तिच्यापासून दुधी ग्लेझ करतात. पऱ्हाट्यांच्या राखेत पोटॅश आणि चुना असतो. गाळून, धुऊन, वेगवेगळ्या प्रमाणात छोट्या चकत्यांवर लावून, प्रत्येक चकतीच्या पाठीवर प्रमाण कोरून भाजायचं. पहिल्या दहा-वीस चकत्या बहुधा खरखरीत किंवा ओघळलेल्या निघतील. त्या फेकू नका, ओळीने मांडून ठेवा.