सिक्स-पॅक आणि मास्टर: बोट कॅप्टनच्या दोन परवान्यांतला खरा फरक

अमेरिकेत पैसे घेऊन लोकांना छोट्या बोटीतून फिरवायचं किंवा मासेमारीला न्यायचं, तर तिथल्या कोस्ट गार्डचा परवाना लागतो. सुरुवात करणाऱ्यासमोर दोन नावं येतात: ओयूपीव्ही (सरकारी तपासणी न झालेली प्रवासी बोट चालवणाऱ्याचा परवाना), ज्याला बोटवाले सिक्स-पॅक म्हणतात, आणि मास्टर. बडोद्याहून तिकडे गेलेली मुलं आणि इथले त्यांचे आईवडील याबद्दल विचारतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात एक समज पक्का असतो: सिक्स-पॅक छोट्या बोटीचा, मास्टर मोठ्या बोटीचा. हा समज धोक्याचा आहे.

सिक्स-पॅक 100 ग्रॉस टनांखालच्या (हे बोटीच्या वजनाचं नाही, आतल्या जागेचं माप) बोटींसाठी असतो. नवशिक्याला मिळणारा मास्टरही 25, 50 किंवा 100 टनांचाच असतो, आणि अनुभव फक्त लहान बोटींवरचा असेल तर 25 टनांवरच थांबतो. म्हणजे सिक्स-पॅकवाल्याच्या हातात कागदोपत्री मास्टरपेक्षा मोठी बोट असू शकते. त्यामुळे लांबी-रुंदीवरून या दोघांतला फरक कळत नाही. तो कळतो बोटीत किती प्रवासी बसले आहेत आणि त्या बोटीची सरकारी तपासणी झाली आहे का, यावरून.

सिक्स-पॅकवर जास्तीत जास्त सहा प्रवासी नेता येतात, आणि तेही तपासणी न झालेल्या बोटीतूनच. एकानेही भाडं दिलं की फुकट बसलेला पाहुणा आणि मांडीवरचं मूलही त्या सहांत मोजलं जातं. सातवा प्रवासी घ्यायचा तर मास्टर लागतो, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं अर्धं वाक्य मात्र निसटतं: सातव्या प्रवाशासाठी बोटही तपासलेली हवी. मास्टर परवाना खिशात घेऊन तपासणी न झालेल्या बोटीवर चढलात, तर तुम्हालाही सहाचीच मर्यादा आहे. आपल्याकडे ड्रायव्हरचं लायसन्स वेगळं आणि गाडीचं पासिंग वेगळं, तसंच हे आहे.

तपासलेल्या बोटीत कोस्ट गार्डचा तपासणी दाखला लोकांना दिसेल अशा जागी लावलेला असतो. मुलाच्या नोकरीच्या बोटीवर गेलात तर तो नीट वाचा. बोटीवर एकूण किती माणसं चालतील, खलाशी किती हवेत, कुठल्या पाण्यात जायची परवानगी आहे, लाइफ जॅकेट किती, हे सगळं त्यावर असतं. हा दाखला बोटीचा असतो. कॅप्टन बदलला, तो कितीही अनुभवी असला, तरी त्यावरचा आकडा वाढत नाही.

मी यावर एवढा अडून बसतो, कारण बडोद्याने हे भोगलंय. 18 जानेवारी 2024 ला हरणीच्या मोटनाथ तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली होती, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. त्याआधी 1993 मध्ये बडोद्याच्याच सुरसागर तलावातही नाव उलटून माणसं गेली होती. आपला अंतर्देशीय जलयान कायदा 2021 चा, लागू झाला 7 जून 2022 पासून. त्यातही जलयानाची तपासणी आणि नोंदणी एका बाजूला, चालवणाऱ्याच्या पात्रतेचं प्रमाणपत्र दुसऱ्या बाजूला, असंच आहे. ‘चालवणारा जुना माणूस आहे’ हे ऐकून आपण निश्चिंत होतो. त्याच वेळी बोटीचा कागदही मागायला हवा.

दांडिया बाजारातल्या एका काकूंचा प्रश्न होता: ‘नातवाकडे मास्टर आहे, त्याची स्वतःची बोटही आहे, मग आम्ही नऊ जण एकदम का नाही जायचं?’ काकू, घरचीच माणसं असतील आणि कोणी भाडं देत नसेल, तर ती चार्टर, म्हणजे भाड्याची फेरी, होतच नाही. बोटीच्या सुरक्षित क्षमतेत बसत असाल तर खुशाल जा. पेट्रोल आणि डबा सगळ्यांनी आपखुशीने वाटून घेतला, तरी ते भाडं धरत नाहीत. पण त्या नऊ जणांत एका मित्राने जागेचे पैसे दिले, की सहाचा नियम लागू.

एक पळवाट फार सांगितली जाते, बेअरबोट चार्टर. यात गिऱ्हाईक पूर्ण बोटच ताब्यात घेतं आणि 12 प्रवाशांपर्यंत तपासणीशिवाय नेता येतात. मात्र कॅप्टन निवडणं हा गिऱ्हाइकाचा हक्क असावा लागतो. मालकच आपला कॅप्टन गळ्यात मारत असेल तर ते बेअरबोट नाही. अशा ठिकाणी नोकरी धरू नये, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

आता पात्रता. सिक्स-पॅकला वय 18, मास्टरला 19. वैद्यकीय तपासणी, अमली पदार्थांची चाचणी, प्रथमोपचार आणि सीपीआर (बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करण्याचा उपचार) दोघांनाही. नद्या आणि तळ्यांसाठी दोन्हीकडे 360 दिवसांचा अनुभव पुरतो. समुद्रासाठी वाट वेगळी होते: सिक्स-पॅकला 360 दिवस, त्यातले 90 समुद्रावरचे, मास्टरला 720, आणि त्यातले 360 समुद्रावरचे. लहान बोटीवर चार तास भरले तरी एक दिवस धरतात. फक्त शनिवार-रविवार जाणाऱ्याला 360 दिवसांना साधारण साडेतीन वर्षं लागतात. परीक्षेत वाहतूक नियमांच्या भागाला 90 टक्के लागतात, आणि तिथेच जास्त अभ्यास करावा. नद्या-तळ्यांवरच राहायचं आणि दिवस भरलेले आहेत, तर सरळ मास्टरलाच बसावं.

अर्थात नागरिकत्व असेल तर. मास्टर फक्त अमेरिकन नागरिकालाच मिळतो. ग्रीन कार्डवाल्याला सिक्स-पॅक मिळू शकतो, पण 5 नेट टनांखालच्या, म्हणजे लहानशा, केंद्रीय नोंदणी नसलेल्या बोटींपुरता. आपल्या कितीतरी मुलांची निवड इथेच ठरून जाते, आणि क्लासची फी भरल्यावर हे कळलेली घरं मी पाहिली आहेत.

परवाना कुठलाही घ्यायचा असो, दिवसांची नोंद पहिल्या फेरीपासून ठेवावी. सीजी-719एस नावाचा फॉर्म असतो, प्रत्येक बोटीसाठी वेगळा. त्यावर बोटीचा नोंदणी क्रमांक, लांबी, टनभार आणि महिन्यागणिक दिवस भरायचे, आणि बोट दुसऱ्याची असेल तर मालकाची सही घ्यायची. ही सही बोट सोडण्याआधीच घ्या; मालकाने बोट विकून गाव बदललं, की भरलेले दिवस सिद्ध करणं अवघड होऊन बसतं.