सोयाबीनच्या गाठीतला हिशेब

पेरणीला चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले की सोयाबीनचं एक झाड खुरप्यानं मातीसकट काढून पाहा. ओढून उपटलं तर गाठी वावरातच तुटून राहतात. मुळावरची गाठ नखानं फोडल्यावर आत गुलाबी-लाल दिसली, तर तिथले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला देताहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर काम बंद आहे.

युरियाच्या ४५ किलोच्या बॅगेत ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असतं. हवेतलं हे नत्र पकडायला कारखान्यात ४०० ते ५०० अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. गाठीतलं नायट्रोजिनेज हे विकर तेच काम मातीच्या तापमानाला करतं. त्याच्या गाभ्यात लोहाचे ७, गंधकाचे ९ आणि मॉलिब्डेनम व कार्बनचा एकेक अणू आहे. हे काम कसं होतं ते कळायला त्यांच्या इलेक्ट्रॉनचा हिशेब मांडावा लागतो. पण हे इलेक्ट्रॉन एकमेकांत इतके गुंतलेले, की एकाचा हिशेब वेगळा काढताच येत नाही. इलेक्ट्रॉनला बसायला एक जागा वाढली की शक्यता दुप्पट. ५० जागांना त्या ११०० लाख कोटींवर जातात. क्वांटम संगणकाचे क्यूबिट, म्हणजे माहिती साठवणारे त्याचे मूळ घटक, स्वतःच असे गुंततात, म्हणून हा हिशेब त्यांच्या आवाक्यातला. २०२१ च्या एका अंदाजानुसार त्याला ४० लाख क्यूबिट आणि सुमारे ४ दिवस लागतील.

गूगलच्या २०२४ च्या विलो या क्वांटम चिपवर क्यूबिट आहेत १०५. तरीही ही चिप फार मोलाची आहे, आणि ती चुका आवरण्यामुळे. उणे २७३ अंशांजवळ ठेवूनही क्यूबिट आपली माहिती सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आतच गमावतो. त्याला थेट वाचलं तरी माहिती मोडते. म्हणून क्यूबिटांचा चौकोनी वाफा करतात: ७ बाय ७ च्या वाफ्यात माहितीचे ४९ आणि त्यांच्यामधे तपासणीचे ४८. तपासणारा फक्त शेजाऱ्यांचा मेळ बसतो का, एवढंच पाहतो. अडचण अशी, की तपासणाराही चुकतो. त्यामुळे पूर्वी वाफा वाढवला की चुकाही वाढायच्या. विलोवर ३ वरून ५, ५ वरून ७ जाताना चूक दर वेळी निम्म्याहून खाली आली. तीस वर्षांच्या सिद्धांताला इथे यंत्रानं दुजोरा दिला.

पण ७ च्या वाफ्यातही तपासणीच्या साधारण ७०० फेऱ्यांत एक चूक होते, आणि एक फेरी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढीच. चार दिवसांच्या कामाला लाख कोटी फेऱ्यांत एक चूक चालेल असं धरा. याच वेगानं घट राहिली तर एका भरवशाच्या क्यूबिटमागे जवळपास ८ हजार क्यूबिट लागतील. मूळ क्यूबिट सुधारून दर पायरीला चूक दहापट घटवली, तर दीड हजारात भागेल. म्हणून नुसत्या क्यूबिटच्या आकड्यावरून कुठल्याही यंत्राची प्रगती ठरवू नये. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या आपल्या ६००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं लक्ष्य आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिटचं आहे; तिथेही चुकीचा दरच पाहायला हवा.

तोवर गाठींसाठी हातातला उपाय रायझोबियम कल्चरचाच. बुरशीनाशक आधी लावा, कल्चर शेवटी, बियाणं सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. कडक उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात.