डोंगरात मिठाला दारं धरतात

मिठागर म्हटलं की आपल्याला उरण-पेणकडची खाडी आठवते, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हात आटवायचं. पण पेरूत कुस्को शहराजवळ मारास म्हणून गाव आहे, तिथली मिठागरं 3000 मीटरच्याही वर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, आणि तीपण डोंगरउतारावर भातखाचरांसारखी पायऱ्यापायऱ्यांनी, तीन हजारांहून जास्त वाफे! इंकांच्याही आधीपासून तिथं मीठ काढतात.

इतक्या वर खारं पाणी आलं कुठून? तर कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथलं खारं पाणी आटून मिठाचे थर गाडले गेले, मग अँडीज पर्वत उचलला गेला आणि थरही बरोबर वर आले. आता जमिनीखालचं पाणी त्या थरांतून मीठ विरघळवत झऱ्यातून बाहेर पडतं. झरा दिसायला अगदीच साधा, पण पाणी समुद्राहून कितीतरी खारट.

पुढचं काम म्हणजे सरळ दारं धरणं. पाटातून पाणी वाफ्यात सोडायचं, मग तोंडाशी दगड-चिखल लावून बंद, दोनतीन दिवसांनी परत थोडं पाणी. हवा विरळ आणि कोरडी, ऊन कडक, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि मीठ 26 टक्क्यांच्या आसपास पोचलं की पाण्याला आणखी मीठ धरवत नाही, मग खडे बसायला लागतात.

गंमत अशी की पाणी जितकं खारट होतं तितकं ते आटायला कुरकुर करतं, मीठ पाण्याला धरून ठेवतं ना. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की अशा पाण्याचं आटणं थांबतं, उलट तेच हवेतलं पाणी ओढायला लागतं. पावसाळ्यात आपल्या डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं ते ह्याच हिशोबाने. म्हणून मारासचा खरा हंगाम कोरडा, साधारण मे ते ऑक्टोबर.

महिन्याभरात जाड थर जमला की फोडून खरवडून काढतात. वरचं पांढरंशुभ्र, मधलं गुलाबीसर, आणि तळाचं मातकट, कारण ते थेट चिखलाला टेकलेलं. गुलाबी मीठ म्हणून दुकानात जो भाव लावतात त्यातला रंग बराचसा मातीतल्या लोहाचा असतो हे कळल्यावर मला तरी हसू आलं.

वाफे गावातल्या कुटुंबांचे, वाटून घेतलेले. वाफ्यांमधल्या बांधांवरही मिठाचा कडक पापुद्रा चढलेला असतो, पूर्वी पर्यटक त्यावरून फिरायचे, बुटांची घाण मिठात जायला लागली म्हणून 2019 पासून ते बंद केलं, आता लांबूनच बघायचं.